सायंकाळचा तास कोणी पळवला?

शरीर हे धर्माचे पहिले साधन होय, अशा अर्थाचे संस्कृत वचन महाराष्ट्रातील कितीतरी शाळांच्या भिंतींवर ठळक अक्षरांत रंगवलेले असते. विद्यार्थी ते दहा वर्षे रोज वाचतात. मात्र त्या भिंतीपलीकडे जे मैदान असावयास हवे, तेथे कोठे नव्या इमारतीचा पाया खणलेला असतो, कोठे गाड्या उभ्या असतात, तर कोठे लग्नाचा मांडव पडलेला असतो. वचन भिंतीवर राहिले आणि साधन हातचे गेले.

पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा कोणत्याही शहरातील मध्यमवर्गीय वसाहतीत सायंकाळी साडेपाचला डोकावून पाहावे. मुलगा शाळेतून येतो, घाईघाईने काही खातो, पाठीवर दुसरे दप्तर चढवतो आणि शिकवणीच्या वर्गाला निघतो. आठ वाजता परततो, जेवताना मोबाईलवर नजर खिळवतो आणि पुन्हा पुस्तकांसमोर बसतो. इमारतीखालच्या फरसबंदीवर ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी असते. ती पाटी आता अनावश्यक झाली आहे, कारण खेळायला खाली उतरतो कोण?

फार जुनी गोष्ट नाही. हाच तास एकेकाळी लगोरीचा, आट्यापाट्यांचा, विटीदांडूचा आणि खो-खोचा होता. दिवेलागणीला आईची हाक आली की धुळीने माखलेली मुले हातपाय धुऊन देवापुढे शुभंकरोती म्हणायला बसत. तो तास कोणा परकीय आक्रमकाने हिरावून घेतला नाही. सरकारने अध्यादेश काढून तो रद्द केला नाही. सुशिक्षित, सुसंस्कृत, मुलांच्या हिताची अहोरात्र चिंता वाहणाऱ्या घरांनी तो आपण होऊन देऊन टाकला. इतकेच नव्हे, तर वर शुल्क भरून देऊन टाकला. या व्यवहारात काय गमावले, याचा हिशोब आता मांडलाच पाहिजे.

देहाची वही

देहाची वही कोणाचीही भीड बाळगत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी मधुमेह-पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या १३ कोटींहून अधिक आहे. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि जवळजवळ ४० टक्के लोकांच्या पोटावर घातक प्रमाणात चरबी साठलेली आहे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आरोग्यासाठी आवश्यक तेवढीही हालचाल न करणाऱ्या प्रौढांचे जगातील प्रमाण २०२२ मध्ये सुमारे ३१ टक्के होते. भारतात ते ४९ टक्क्यांवर पोहोचले होते. भारतीय स्त्रियांमध्ये तर ते सुमारे ५७ टक्के होते. ज्या देशाने जगाला योग दिला असे अभिमानाने सांगितले जाते, त्या देशातील जवळजवळ निम्मी प्रौढ प्रजा बसून आहे!

यावर ‘आमचा मुलगा कुठे लठ्ठ आहे?’ असे समाधान करून घेणारे पालक पुष्कळ आहेत. त्यांनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे एक छायाचित्र पाहावे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झाले. छायाचित्रात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तराचा आकडा दोघांचाही अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले, तर ब्रिटिश डॉक्टरांचे ९.१ टक्के आणि भारतीय डॉक्टरांचे २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून स्थूल, ही भारतीय देहाची ठेवण त्या एका छायाचित्राने जगापुढे आणली. तेव्हा वजनकाट्यावर विसंबून स्वस्थ बसण्याची चैन भारतीयांना परवडणारी नाही. इतरांना व्यायाम जितका आवश्यक आहे, त्याहून भारतीय माणसाला तो अधिक आवश्यक आहे.

व्यायाम देहात नेमके काय करतो, हेही समजून घेतले पाहिजे. स्नायू हा शरीरातील साखर वापरणारा सर्वांत मोठा कारखाना आहे. तो काम करू लागला की रक्तातील साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता पेशींत ओढून घेतली जाते. नियमित व्यायामाने हृदयाचा एकेक ठोका अधिक रक्त बाहेर टाकू लागतो. त्यामुळे विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके द्यावे लागतात. हाडांवर भार पडला तरच हाडे घट्ट होतात आणि त्यांची ही ठेव मुख्यतः बालपणात, किशोरवयात आणि ऐन तारुण्यात जमा होते. विशीत न भरलेला हा हप्ता साठीत भरता येत नाही. आजी न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले, या घटनेची सुरुवात अनेकदा पन्नास वर्षांपूर्वी न खेळलेल्या खेळात असते.

बसून राहण्याचा धोका पाश्चात्त्य वैद्यकाला फार उशिरा कळला. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर आसनावर बसणाऱ्या चालकांच्या तुलनेत दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. गाडी एकच, रस्ता एकच. भेद होता तो बसण्याचा आणि चालण्याचा. नंतरच्या असंख्य अभ्यासांनी हीच दिशा पक्की केली. आज मध्यमवर्गीय कुटुंबातील प्रत्येक जण चालकाच्या आसनावर बसला आहे. बाप संगणकापुढे, आई कार्यालयात किंवा मालिकांपुढे, मुलगा वर्गाच्या बाकावर. वाहक कोणीच उरलेला नाही.

मनाचे मैदान

देहाचे नुकसान रक्ततपासणीत तरी उतरते. मनाचे नुकसान उतरत नाही, म्हणून ते अधिक भयावह आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे दहा टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले. २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. ज्ञानोबा-तुकोबांच्या या भूमीत कोवळी मुले एका गुणपत्रिकेपुढे जीव टाकतात, ही गोष्ट कोणत्याही संवेदनशील माणसाची झोप उडवणारी आहे.

मैदान असते तर यांतील प्रत्येक जीव वाचला असता, असा दावा कोणी करू नये. आत्महत्येची कारणे अनेक आणि गुंतागुंतीची असतात. परंतु व्यायामाचा मनाशी असलेला संबंध आता केवळ अनुभवाची गोष्ट राहिलेली नाही. व्यायामामुळे मेंदूतील पेशींच्या वाढीस पोषक ठरणारी द्रव्ये वाढतात, झोप सुधारते, तणावाला तोंड देण्याची शरीराची रीत बदलते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १२० वयस्कर व्यक्तींचे दोन गट केले गेले. एक गट वर्षभर नियमित भरभर चालला, तर दुसऱ्याने केवळ अंग ताणण्याचे हलके प्रकार केले. चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाचा आकार सुमारे दोन टक्क्यांनी वाढला; दुसऱ्या गटात तो घटला. १९९९ मध्ये नैराश्याने ग्रस्त असलेल्या १५६ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सोळा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांना औषध घेणाऱ्यांइतकाच लाभ झाल्याचे दिसले. २०२४ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केला, त्यातही चालणे, धावणे, योग आणि बलवर्धक व्यायाम यांचा नैराश्यावर चांगला परिणाम नोंदवला गेला. याचा अर्थ डॉक्टरांनी दिलेले औषध कोणी परस्पर बंद करावे असा नाही. उपचार उपचाराच्या जागी आणि व्यायाम व्यायामाच्या जागी. परंतु जे औषध आजाराच्या आधी, विनामूल्य, घराच्या दाराशी मिळत होते, ते नाकारण्यात कोणते शहाणपण आहे?

शिवाय प्रयोगशाळेच्या मोजमापात न मावणारी एक गोष्ट मैदान शिकवते. ती म्हणजे हरणे. कबड्डीत मुलगा एका सायंकाळी चार वेळा ‘बाद’ होतो आणि गडी जिवंत झाला की पुन्हा आत येतो. खो-खोत धावणारा गडी पकडला जातो, बाहेर बसतो, पुढच्या डावात पुन्हा धावतो. पराभव ही शेवटची गोष्ट नसते, हे त्याच्या हाडामासांत उतरते. ज्या मुलाला दहा वर्षांत एकदाही गुडघा फुटेपर्यंत पडण्याची संधी मिळाली नाही, त्याने आयुष्यातील पहिला पराभव थेट प्रवेशपरीक्षेच्या निकालात पाहावा, आणि तो त्याने धैर्याने पचवावा अशी अपेक्षा ठेवावी, हा केवढा क्रूरपणा!

‘खेळून पोट भरणार आहे का?’

या सर्व विवेचनावर मध्यमवर्गाचे एक ठरलेले उत्तर असते. ‘सगळे खरे, पण स्पर्धा किती वाढली आहे! खेळून पोट भरणार आहे का?’ हे उत्तर इतक्या वेळा दिले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही.

पहिली गोष्ट अशी की, प्रश्नच चुकीचा आहे. रोज जेवणारा प्रत्येक माणूस आचारी होण्यासाठी जेवत नाही आणि रोज खेळणारे प्रत्येक मूल खेळाडू होण्यासाठी खेळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणाऱ्या हालचालीची शिफारस केली आहे, ती पदकांसाठी नव्हे. ते वाढत्या देहाचे किमान भोजन आहे. मध्यमवर्गाला मात्र खेळाचे दोनच उपयोग ठाऊक आहेत. एक, दहावीच्या निकालात मिळणारे सवलतीचे गुण. दुसरा, कोट्यवधींचे करार करणारा क्रिकेटपटू होण्याचे स्वप्न. या दोन्हींपैकी काही हाती लागणार नसेल तर मैदान बंद! ज्या घरात मुलाच्या प्रत्येक तासाला बाजारभाव लावला जातो, त्या घरात व्यायाम टिकणार तरी कसा?

दुसरी गोष्ट अशी की, मैदानातील तास अभ्यासातून वजा होतो, हे गणितही कच्चे आहे. तासन्‌तास बसून शिणलेला मेंदू पुस्तकाची पाने उलटतो, आशय साठवत नाही. डोळ्यांचीही कथा तीच. चीनमधील ग्वांगझू शहरातील बारा शाळांत झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटे अधिक मोकळ्या हवेत काढायला लावले. तीन वर्षांनंतर इतर मुलांपैकी ३९.५ टक्के मुलांना जवळचे दिसण्याचा, म्हणजे लांबचे न दिसण्याचा दोष जडला होता. बाहेर जाणाऱ्या मुलांत तो ३०.४ टक्के होता. येथे तर बालवाडी संपते न संपते तोच चष्मा लागतो आणि त्याचे कौतुक ‘फार अभ्यासू आहे हो’ अशा शब्दांत होते.

बुद्धिमत्तेचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी समाजाने लोकमान्य टिळकांचे चरित्र तरी आठवावे. कृश प्रकृतीच्या या विद्यार्थ्याने डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष मुख्यतः शरीर कमावण्यात घालवले आणि त्यापायी परीक्षेतील अपयशही पत्करले. आजचा पालक असता तर त्याने वसतिगृहात धाव घेऊन मुलाला घरी आणले असते! परंतु त्या वर्षी कमावलेल्या देहाने पुढे मधुमेह जडलेला असतानाही मंडालेचा सहा वर्षांचा तुरुंगवास सोसला आणि ‘गीतारहस्य’ तेथेच सिद्ध झाले. स्वामी विवेकानंदांनीही मद्रासच्या तरुणांना हेच बजावले होते की, गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉलने ते स्वर्गाच्या अधिक जवळ जातील. संन्याशाला जे कळले, ते संसारी माणसाला कळू नये, याला काय म्हणावे?

पाहणे म्हणजे खेळणे नव्हे

खेळाची आवड मात्र ओसंडून वाहते आहे, असा आभास सर्वत्र आहे. क्रिकेटचा सामना असला की रस्ते ओस पडतात. परंतु पलंगावर लोळत, वेफर्सची पिशवी रिकामी करत अकरा जणांचे धावणे पाहणाऱ्या कोट्यवधी लोकांना क्रीडाप्रेमी म्हणणे हा भाषेचा अपमान आहे. दुसऱ्याचे जेवण पाहून पोट भरत नाही, मग दुसऱ्याच्या धावण्याने हृदय बळकट कसे व्हावे?

आणि हे प्रेम तरी किती खरे? कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तेथवर पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले होते. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मधील त्यांच्या निधनानंतर. महाराष्ट्राच्या मातीतील दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक येण्यास त्यानंतर ७२ वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत ते मिळवले. बीड जिल्ह्यातील दुष्काळी भागातून आलेले अविनाश साबळे सैन्यात गेले, तेथे धावपटू म्हणून घडले आणि २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक पटकावले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक आणले. या सर्वांची गावे पाहावीत. सर्व सोयींनी युक्त शहरी वसाहती या यादीत कोठे आहेत? त्यांनी टाळ्या वाजवण्याचे काम तेवढे पत्करलेले दिसते.

जे थोडे उठतात, त्यांतील अनेकांना आरसा खेचून नेतो. व्यायामशाळेत जाऊन बल वाढवणे उत्तमच. परंतु लग्नसराईच्या आधी सहा आठवड्यांत दंड फुगवण्यासाठी कृत्रिम संप्रेरकांची इंजेक्शने टोचून घेणे हा व्यायाम नव्हे, तो देहद्रोह आहे. हृदय, यकृत, प्रजननक्षमता आणि मनाचा समतोल या साऱ्यांवर त्याचा घाला पडतो. तालमीतील वस्ताद पोराला लंगोट देताना खुराक, निद्रा आणि संयम यांची शिस्तही देत असे. आज यंत्रे आली आणि वस्ताद गेला.

वारसा भाषणापुरता

आता अधिक अवघड प्रश्नाकडे वळावे लागेल, कारण तो परक्यांना नव्हे, स्वकीयांना विचारावयाचा आहे.

बलोपासना ही या भूमीची जुनी परंपरा. समर्थ रामदासांनी गावोगावी मारुतीची स्थापना केली, ती केवळ तेल आणि शेंदूर वाहण्यासाठी नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवजीवन दिले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागचे मैदान उभे केले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार स्वतः आयुष्यभर घातले आणि आपल्या संस्थानातील शाळांत ते रुजवले. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे रोप लावले. त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. १९२४ मध्ये पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले आणि त्याच वर्षी लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम उभारून योगक्रियांची शास्त्रीय उपकरणांनी तपासणी सुरू केली. पुढच्याच वर्षी, १९२५ च्या विजयादशमीस, डॉ. हेडगेवारांनी नागपुरात संघाचा आरंभ केला. त्या कार्याचा गाभा होता रोजचा एक तास. स्वतः वैद्यकीय पदवीधर असलेल्या डॉक्टरांना ठाऊक होते की, वर्षातून एकदा जमणारी गर्दी माणूस घडवत नाही. रोज जमणारी वीस पोरे घडवतात.

या सर्व प्रयत्नांत तीन गोष्टी समान होत्या. व्यायाम रोज होता, सामूहिक होता आणि बहुतेक ठिकाणी जवळजवळ फुकट होता. कबड्डीला लागते काय? फक्कीने आखलेली एक रेघ आणि समोर सात गडी. त्या रेघेवर कारकुनाचा मुलगा आणि पहारेकऱ्याचा मुलगा एकमेकांचा पाय धरून ओढत. कोणाची जात कोणती, हे विचारण्यास दम उरत नसे. समरसतेवर शंभर परिसंवाद जे साधत नाहीत, ते एका मैदानाने साधले होते.

सूर्यनमस्कारावरून वाद घालणारे विद्वानही या देशात आहेत. २००७ मध्ये मध्य प्रदेशातील शाळांत सामूहिक सूर्यनमस्काराचा कार्यक्रम योजला गेला, तेव्हा त्याला कडाडून विरोध झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि सहभाग ऐच्छिक राखला गेला. ज्याला मंत्र म्हणावयाचा नाही, त्याने खुशाल म्हणू नये. पाठीचा कणा मंत्र विचारत नाही, तो वाकतो आणि सरळ होतो. पुढे २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात योगदिनाचा ठराव १७७ देशांच्या सहप्रायोजकत्वाने मंजूर झाला, तेव्हा योगाकडे संकुचित चष्म्यातून पाहणाऱ्यांना जगानेच उत्तर दिले.

परंतु त्या वादात सूर्यनमस्काराच्या बाजूने ज्यांनी आवेशाने निवेदने काढली, लेख लिहिले, सभा गाजवल्या, त्यांतील किती जण रोज सकाळी बारा नमस्कार घालतात? २१ जूनला पांढरा सदरा घालून सतरंजीवर बसणारे २२ जूनला कोठे असतात? बलोपासनेवर बौद्धिक देणाऱ्या कार्यकर्त्याचा स्वतःचा मुलगा सायंकाळी शाखेत असतो की शिकवणीच्या वर्गात? अनेक वसाहतींत सायंशाखा रोडावल्या आणि प्रौढांच्या प्रभातशाखांवर काम भागवले जाऊ लागले, त्यामागे विरोधकांचे कोणते कारस्थान होते? मुलाला ‘एक वर्ष शाखा राहू दे, दहावी आहे’ असे सांगणारे हात घरचेच होते. दहावीनंतर बारावी आली, बारावीनंतर प्रवेशपरीक्षा आली आणि ते एक वर्ष कधी संपलेच नाही. वारशाचा जयजयकार करणारा समाज वारसा जगत नसेल, तर तो वारस नव्हे. तो त्या वारशाच्या संग्रहालयाचा पहारेकरी होय.

निम्मा समाज

मुलींचा विचार केल्यावाचून हा हिशोब पुरा होत नाही. मुलांचे मैदान शिकवणीने नेले. मुलींचे मैदान तर पुष्कळदा त्याआधीच, वयात येताच, घराने काढून घेतले. १९३६ मध्ये वर्ध्याला राष्ट्र सेविका समितीची स्थापना करताना लक्ष्मीबाई केळकर, म्हणजे मावशींनी मुलींच्या शारीरिक शिक्षणाला आग्रहाचे स्थान दिले, तेव्हा समाजाने भुवया उंचावल्याच असतील. आज भुवया कोणी उंचावत नाही, पण मुलगी घरातच असते. पुढे संसार, नोकरी आणि स्वयंपाकघर यांच्या चरकात तिला चालायला जायलाही वेळ मिळत नाही आणि घरातील कोणालाही तो मिळावा असे वाटत नाही. ५७ टक्क्यांचा तो आकडा आळसाचा नाही, तो उपेक्षेचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली. दोन्ही संघांचे नेतृत्व प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्याच खेळाडूंकडे होते. संधी मिळाली तर मुलगी कोठवर धावते, याचे आणखी कोणते प्रमाण हवे?

तास परत घ्यावा

शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेला मैदान आवश्यक ठरवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळ हा अभ्यासक्रमाबाहेरचा विषय मानू नये असे सांगितले. कागद पुरेसे झाले. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या शिक्षकांना उसना देणाऱ्या मुख्याध्यापकांना पालकसभेत उभे राहून जाब विचारणारा एकही पालक नसेल, तर कायदा तरी काय करणार? गुणांसाठी वर्गशिक्षकांशी भांडणारे पालक मैदानासाठी का भांडत नाहीत?

उपाय खर्चाचा नाही, निश्चयाचा आहे. वसाहतीच्या सर्वसाधारण सभेत रंग कोणता द्यावा यावर दोन तास चर्चा होते, तेथे चेंडूमनाईची पाटी उतरवण्याचा ठराव मांडता येतो. वीस पालक एकत्र आले तर शिकवणीच्या चालकाला सायंकाळी साडेपाच ते साडेसहा वर्ग बंद ठेवण्यास भाग पाडता येते. ग्राहक तेच आहेत. ज्या कार्यकर्त्याच्या वस्तीत शाखा आहे, त्याने प्रथम आपला मुलगा तेथे धाडावा, नंतर शेजाऱ्याच्या दाराची कडी वाजवावी. आणि सर्वांत आधी बापाने आणि आईने स्वतः उठावे. प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, त्याच्या जोडीला दोन दिवस बलवर्धक व्यायाम, एवढीच जागतिक आरोग्य संघटनेची मागणी आहे. १५० मिनिटे म्हणजे मालिकांचे पाच-सहा भाग. ज्या घरात वडील सकाळी नमस्कार घालताना दिसतात, त्या घरात मुलाला उपदेश करावा लागत नाही.

राष्ट्र बलशाली व्हावे, अशी प्रार्थना करणारे लक्षावधी कंठ या देशात आहेत. परंतु राष्ट्राला स्वतःचे वेगळे स्नायू नसतात. चौथ्या मजल्यावर चढताना धाप लागणाऱ्या पंचविशीच्या तरुणाचे स्नायू, परीक्षेच्या धास्तीने रात्री जागणाऱ्या मुलीचे मन, पन्नाशीत हृदयविकाराने कोसळणाऱ्या कुटुंबप्रमुखाच्या रक्तवाहिन्या, यांची बेरीज म्हणजेच राष्ट्राचे बळ. ती बेरीज आज काय भरते, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते पाहावे.

उद्या सायंकाळी साडेपाच वाजतीलच. तेव्हा मुलाच्या पाठीवर दुसरे दप्तर चढवावयाचे की त्याला एक चेंडू देऊन दिवेलागणीपर्यंत खाली पिटाळावयाचे, हा निर्णय कोणत्याही मंत्रालयात होणार नाही. तो घराच्या उंबऱ्यावर होईल.